चालेल, पण सपोर्टेड नाही

...नाही, तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? परवा मंडळाच्या कार्यक्रमात मी आपली गुपचूप कोपऱ्यातली खुर्ची धरून बसले, तर पुढच्या रांगेतल्या दोघी मान वळवून बघतात काय, कुजबुजतात काय, "तीच गं ती, म्हाताऱ्या बाईंचा आवाज बंद करणारी!" मी? मी आवाज बंद करणारी? तुम्हाला सांगते, जिचं घरात नवरा ऐकत नाही, मुलगी ऐकत नाही, ऑफिसात बोलायला लागले की पलीकडून "मॅडम, तुम्ही म्यूटवर आहात" असं सांगतात आणि मी म्यूटवर नसतेच, ती बाई दुसऱ्याचा आवाज काय बंद करणार! मी फक्त एवढंच म्हटलं होतं... चालेल, पण सपोर्टेड नाही. संपलं. चार शब्द. या चार शब्दांनी माझी झोप, माझे रविवार आणि माझी मंडळातली अब्रू, सगळं एकदम नेलं.

थांबा, असं मधूनच सांगितलं तर तुम्हीही त्या दोघींसारखे बघाल. मी देवश्री. मूळची साताऱ्याची, नोकरीनं म्हैसूरला आणून टाकलं, बोगादीत घर घेतलं. दिवसभर कंपनीचं सॉफ्टवेअर करते, त्याचा पगार मिळतो आणि कुणी शिव्या देत नाही. उरलेल्या वेळात 'वाचा' नावाचं सॉफ्टवेअर करते, त्याचा पगार मिळत नाही, बाकी भरपूर मिळतं. 'वाचा' कुणासाठी? ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. फोन पुस्तकाच्या पानावर धरायचा, टिक्‌ करून फोटो निघतो, आणि 'वाचा' ते पान मोठ्यानं वाचून दाखवतं. सगळं मुक्त! ओपन सोर्स! कुणीही फुकट घ्या, कुणीही आत डोकवा, कुणीही बदला. नाव मीच ठेवलं, फार हौसेनं. वाचा म्हणजे वाणी. वाचा म्हणजे 'जरा वाचून दाखवा'. आणि हल्ली मला कळलंय, वाचा म्हणजे 'पळा, जीव वाचवा'.

आता याच्या आत भाग तीन. एक डोळा, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखणारा. दुसरा आवाज, म्हणजे ती अक्षरं बोलणारा. तिसरं यंत्र, म्हणजे कुणाचा फोन, कुणाचा लॅपटॉप, कुणाचा तो पडद्यामागे जाळी लागलेला जुना कॉम्प्युटर. आणि मुक्त म्हटल्यावर कुणीही कुठलाही डोळा कुठल्याही आवाजाला जोडावा, कोण अडवणार? माझा जोडीदार प्रद्युम्न तर आणखीच जोडायला देतो. हा इथलाच, आजोबा-पणजोबांपासून म्हैसूरचा, मनानं सोनं, पण घरी जाऊन बघा, तीन स्कूटर आहेत, चालू एकही नाही, "असू दे, पाहुणे आले तर!" पाहुण्यांनी येऊन बंद स्कूटरवर बसायचं! कुणी लिहिलं की "सर, मी नवा आवाज बनवलाय," की हा लगेच, "सूपर! बन्नी बन्नी, आत या!" हे सगळं तो कन्नड आणि इंग्रजीत बोलतो हं, मी तुमच्यासाठी मराठीत करतेय. असं करत करत आवाज झाले पाच, डोळे झाले चार, यंत्रं तीन. पाच चोक वीस, वीस त्रिक साठ! साठ जोड्या! एवढ्या सोयरिकी तर वधू-वर मेळाव्यातसुद्धा जुळत नाहीत, आणि त्या जुळवून झाल्यावर आपण मोकळे असतो. इथे मोकळं कुठलं? प्रत्येक नवी आवृत्ती काढायची म्हणजे साठही घरी जाऊन विचारायचं, "काय गं, सुखात आहेस ना?" आणि एक तरी माहेरी येऊन बसलेलीच! या डोळ्यानं त्या आवाजाला 'ज्ञ' सांगितला की तो आवाज बेशुद्ध. ते दुरुस्त करावं तर तिसरीकडचा आवाज 'ज्ञ' दोनदा म्हणायला लागतो. ज्ञज्ञानेश्वर! वर्ष होत आलं, नवी आवृत्ती बाहेर पडेना.

शेवटी एका सकाळी कुक्करहळ्ळी तळ्यावर फिरताना मी प्रद्युम्नला म्हटलं, बास. आपण दोघं माणसं आहोत, दोघांनाही नोकऱ्या आहेत, आपण साठ संसार बघू शकत नाही. आवाज दोन, डोळा एक, यंत्रं दोन. चार जोड्या. त्या नीट तपासायच्या, त्यांच्यात काही बिघडलं तर आपण बघायचं. बाकीच्यांना नमस्कार.

त्याचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. तळ्यातल्या पक्ष्यांनी ऐकलं की काय अशा भीतीनं तो हळूच म्हणतो, "काढायचे? म्हणजे... काढूनच टाकायचे? लोकांनी इतक्या प्रेमानं दिलेत... पाप अल्वा, बिचारे नाही का, देवश्री?"

मी म्हटलं, अरे, काढून नाही टाकत! ज्याला हवा त्यानं वेगळा उतरवून घ्यावा, स्वतः बसवावा. चालला तर चालला.

"हां! म्हणजे चालेल!"

चालेल. पण सपोर्टेड नाही.

"चालेल, पण सपोर्टेड नाही," त्यानं तोंडात घोळवून बघितलं, फिल्टर कॉफीचा पहिला घोट घोळवावा तसं, आणि खूश झाला. "हे बरं वाटतं कानाला. कुणाला लागणार नाही."

कुणाला लागणार नाही! हे आमचे भविष्यवेत्ते!

मी घोषणा लिहिली. तुम्हाला सांगते, लग्नाची पत्रिका इतक्या वेळा दुरुस्त केली नव्हती. नम्रपणे कळवण्यात येतं काय, मर्यादित मनुष्यबळ काय, आपल्या सहकार्याबद्दल काय... आणि नवी आवृत्ती सोडली. चहा ठेवला. चहा उकळायच्या आत पहिली मेल! "तुम्ही कोण ठरवणार?" दुसरी मेल, "हीच का तुमची मुक्ती?" तिसरा एक तर कविता करून पाठवतो, 'बंद करा, बंद करा, आता आम्हालाच बंद करा!' आणि एक महाशय, कधी एक ओळ लिहिली नाही 'वाचा'ची, कधी एक चूक कळवली नाही, ते लिहितात, "मी फोर्क करीन!" आमच्यात फोर्क म्हणजे वेगळी चूल मांडणं, सगळं सामान उचलून न्यायचं आणि आपलं आपण चालवायचं. मी म्हटलं, करा हो! मांडा चूल! मी कुंकू लावून पाठवणी करते! संध्याकाळी त्यांचीच मेल, "मॅडम, ते सामान नक्की कुठे ठेवलंय?" म्हणजे चूल वेगळी, पण काडेपेटी माझी!

अमेयला, म्हणजे आमच्या ह्यांना, मी तळमळून सगळं वाचून दाखवतेय, तर हे म्हणतात, "मग ठेव ना सगळेच. तुझं काय जातं?" तुझं काय जातं! या माणसानं केलेल्या पोह्यांना मी इतकी वर्षं काय म्हणत आले? चालतील, पण सपोर्टेड नाहीत! नंतर ॲसिडिटी झाली तर तुमचं तुम्ही बघा!

पण हे सगळं सहन केलं हो मी. मेल काय, बंद करता येते. फोन आला ना, तिथे फसले. लँडलाइनवरून फोन. आजकाल लँडलाइनवरून फोन म्हणजे एक तर बँक, नाही तर तुमच्या शाळेच्या बाई. तर शाळेच्याच बाई निघाल्या! माझ्या नव्हे, पण आवाज तोच हो, पाठीचा कणा आपोआप सरळ होतो तो.

"देवश्री कोण?"

मी उभी राहिले. घरात. एकटीच. म्हटलं, मी.

"मी अंबुबाई. नजरबादहून बोलते. आमचा नरसिंहमूर्ती कुठं घालवलास तू?"

मला काही कळेना. म्हटलं, बाई, राँग नंबर. पोलिसात कळवा.

"राँग नंबर नाही, बरोबर नंबर. कालपर्यंत फोनमध्ये होता. फोननं स्वतःचं स्वतः नवीन काहीतरी घातलं, मत्ते बघते तर नरसिंहमूर्ती नाही, कोण एक पोरगी येऊन गोड गोड बोलतेय. घरातलं माणूस गेल्यागत झालंय. तू ये बघू इथं."

ये बघू! आणि मी गेले. का गेले? तुम्ही गेला नसता? ज्यांनी तो आवाज ऐकला नाही त्यांनी बोलू नये.

अंबुबाई म्हणजे म्हैसूरच्या जुन्या मराठी घरातल्या. घरात मराठी बोलतात, पण निम्मं कन्नड कधी त्यात शिरतं त्यांनाही कळत नाही. गणिताच्या शिक्षिका होत्या, निवृत्त झाल्या, मग काचबिंदूनं हळूहळू दोन्ही डोळे गेले. लग्न केलं नाही, धाकटी बहीण जयवंतीबाई सोबत राहते. दार जयवंतीबाईंनीच उघडलं, आणि दारातच माझा हात घट्ट धरून कानात काय सांगावं? "तू काढलास ना तो आवाज? देव तुझं भलं करो! घरात शांतता म्हणजे काय ते इतक्या वर्षांनी कळलं! परत आणू नको हं, अक्कानं कितीही सांगितलं तरी आणू नको!" म्हटलं वा, एक तरी मत माझ्या बाजूनं!

तेवढ्यात आतून, "जया, कोण आलं? कुजबुज ऐकू येते मला! डोळे गेलेत, कान नाही!"

मी जाऊन बसले. समोर उप्पिट आलं. खाऊ की बोलू? मी आपलं समजावायला सुरुवात केली, बाई, असं आहे, आवाज पाच होते, त्यात आम्ही दोन ठेवले, हा जो तुमचा होता तो फार जुना, फाइलचं नाव 'जुना-क', कुणी बनवला तो माणूसही आता उत्तर देत नाही, त्याचे उच्चार कानडी वळणाचे, पूर्णविरामाला थांबत नाही, आणि म्हणून, तुम्हाला हवा तर तुम्ही वेगळा उतरवून घ्या, म्हणजे चालेल... पण सपोर्टेड नाही.

"म्हणजे काय?"

म्हणजे... चालेल.

"आणि नाही चालला तर?"

तर... सपोर्टेड नाही.

"अस्सं." तुम्हाला सांगते, त्या 'अस्सं'नं मला वर्गाबाहेर उभं राहिल्यासारखं वाटलं. मग म्हणाल्या, "डोळे मीट."

मिटले. हातात उप्पिटाची बशी, डोळे मिटलेले, मी एक इंजिनिअर बाई. त्यांनी फोनवर काहीतरी केलं आणि आमच्या त्या नव्या गोड 'मधुरा' आवाजात कसलंसं पान सुरू झालं. पण वेग! बाई ऐकतात तो वेग! आपण ऐकतो त्याच्या तिप्पट-चौपट, आणि म्हणे दिसत नसलेली कितीतरी माणसं अशीच ऐकतात, कारण तुम्ही नजर फिरवून पान उरकता, त्यांनी काय प्रत्येक शब्दाची वाट बघत बसायचं? मला काय ऐकू आलं? एक गोड शिट्टी. कुकरची, पण सुरात.

"कळलं?"

नाही बाई.

"मलाही नाही. पोरगी हळू बोलली तर मला झोप येते, जोरात पळवली तर नुसती शीळ घालते. नरसिंहमूर्ती कितीही पळव, प्रत्येक अक्षर खिळा मारल्यागत. माझ्या जुन्या फोनमध्ये जयाच्या नकळत ठेवलाय थोडा." आणि त्यांनी उशीखालून जुना फोन काढून लावला. खडखडखडखड! मिक्सरमध्ये सुपाऱ्या टाकल्यासारखा! पलीकडच्या खोलीत जयवंतीबाईंनी कपाळावर हात मारल्याचा आवाज मला स्पष्ट आला. आणि अंबुबाई शांतपणे सांगतात, "मळेवाल्याचा खून झालाय. बायकोनं नाही केला. पण कोणी केला ते तिला ठाऊक आहे."

मी डोळे उघडले. म्हटलं, बाई, तुम्ही खुनाच्या गोष्टी वाचता?

"मत्ते काय, पोथ्या वाचू? तू नोड, बघ, गंमत सांगते. आमच्या शाळेत नरसिंहमूर्ती म्हणून हेडमास्टर होते. हा आवाज तंतोतंत त्यांचा. त्यांचा म्हणजे त्यांनी दिलेला नव्हे, ते कधीच गेले, पण अगदी तसाच, न थांबता, श्वास न घेता. सगळी नोकरी त्या माणसानं मला मीटिंगमध्ये एक वाक्य पुरं करू दिलं नाही. मी तोंड उघडलं की, 'अंबुबाई, कूत्कोळ्ळी, बसा, बसा.' आणि आता?" बाईंनी बोटानं फोनला टिचकी मारली. खडखड बंद. "आता मी सांगेन ते वाचतो. मी सांगेन तितक्या वेगानं. आणि मी म्हणाले की गप्प बसतो. हे सुख तू काढून घेतलंस की गं!"

आता बोला! मला घोषणेतली सगळी वाक्यं पाठ होती, मर्यादित मनुष्यबळ वगैरे, त्यातलं एकही या सुखापुढे उभं राहीना. पण नियम तो नियम! एकाला घेतलं की उरलेले पंचावन्न दारात उभे, आणि तो चूल मांडणारा सगळ्यांत पुढे! म्हणून मी बोलून गेले... बोलून गेले हो, त्या क्षणी मला सुटकेची वाट वाटली ती... म्हटलं, बाई, तसं एक आहे. प्रत्येक आवृत्ती निघायच्या आधी जो आवाज कुणीतरी जबाबदारीनं पूर्ण तपासून देईल, तो आम्ही सपोर्टेड म्हणू. पण तपासायला माणूसच नाही ना!

"आयतु, झालं तर," बाई म्हणाल्या. "मी तपासते."

आतून जयवंतीबाईंचा आवाज, "अय्यो देवा!"

घरी येऊन प्रद्युम्नला सांगितलं तर तो आनंदानं टाळ्याच वाजवायला लागला, "सूपर! एक परत आला!" त्याला वाटलं, आजीबाई आहेत, दोन पानं ऐकतील, छान आहे म्हणतील, आपण आभार मानू. मलाही तसंच वाटलं. आम्ही दोघंही गणिताच्या बाईंच्या हाताखालून कधीचे सुटलो होतो ना, विसरलो होतो.

पहिला अहवाल आला. फोनवर तोंडी, मी लिहून घ्यायचा. "नरसिंहमूर्ती, दहापैकी सहा. जोडाक्षरात अडखळतात. सुधारणा हवी. डोळा, दहापैकी पाच. जुन्या छपाईत 'घ' आणि 'ध' यात गोंधळ, त्यामुळे कथेत 'घर विकलं' च्या जागी 'धर विकलं' आलं आणि माझी दोन प्रकरणं फुकट गेली. हा डोळा कोणी बनवला?"

म्हटलं, प्रद्युम्ननं.

"त्याला फोनवर दे."

सोन्याचं पदक मिळवलेला माणूस हो तो, विद्यापीठात पहिला आलेला, फोन ठेवल्यावर इतका बारीक चेहरा! "पाच दिले, देवश्री. मला आयुष्यात कुणी पाच दिले नाहीत." आणि गुपचूप बसून 'घ' आणि 'ध' दुरुस्त करायला लागला. अहो, जी चूक मी दोन वर्षं त्याला मेलवर मेल टाकून सांगत होते ती!

बरं, बाईंनी आपल्यापुरतं तपासावं की नाही? नाही! "वर्गात दोनच पोरं का तपासायची? सगळ्यांच्या वह्या आण." म्हणजे आमचे ते दोन सपोर्टेड आवाज, मधुरा आणि तो दुसरा, तेही बसले परीक्षेला. हळू वेगात, झोप आवरत, बाईंनी ऐकायला सुरुवात केली, आणि काय काय निघालं! 'म्हैसूर पाच कि.मी.' असा साधा रस्त्यावरचा मजकूर, तर मधुरा लाडात विचारते, "म्हैसूर पाच... की मी?" कोण तू? तू कशाला मध्ये? पत्त्यात 'जि. म्हैसूर' असलं की म्हणते, "जी, म्हैसूर!" मी हसत होते. तुम्हाला सांगते, पोट धरून हसत होते फोनवर, आणि बाई एकदम म्हणाल्या, "हसू नको. हे ऐक."

त्यांनी त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा कागद फोनखाली धरला होता, डॉक्टरांच्या दवाखान्यातून छापून मिळालेला. त्यावर होतं, सकाळी १/२ गोळी. अर्धी. आणि मधुरा त्या मधाळ आवाजात, अगदी नर्सबाईंनी सांगावं तसं म्हणाली, "सकाळी एक दोन गोळी."

माझं हसू तिथेच थिजलं. एक-दोन गोळी! अर्धीच्या जागी! बाईंना ठाऊक होतं म्हणून बरं, त्या इतकी वर्षं अर्धीच घेतात. पण ज्याला आजच कागद मिळालाय, ज्याच्याकडे दुसरं कुणी वाचून दाखवायला नाही, जो आमच्या भरवशावर बसलाय, तो? मी ताडकन माझ्या लॅपटॉपवर तोच मजकूर घालून दुसरा आवाज लावून बघितला. तोही, "एक दोन गोळी." आणि हे आमचे सपोर्टेड हं! यांच्यावर मी माझ्या हातानं शिक्का मारलेला! मग भीत भीत नरसिंहमूर्ती लावला. खडखडखड, "सकाळीअर्धीगोळी." एका दमात. बरोब्बर. त्या जुन्या माणसानं, जो कुणी होता तो, अपूर्णांक नीट बसवून ठेवला होता. पाव, अर्धा, पाऊण, दीड, अडीच, सगळं.

बाईंनी शिक्षिकेचा आवाज बाजूला ठेवला आणि मऊपणानं म्हणाल्या, "घाबरू नको, पोरी. आत्ता सापडलं ना? मग आता सगळ्यांना कळव, आणि नीट होईपर्यंत ती पोरगी बाहेर ठेव."

त्याच दिवशी आम्ही दोन्ही गोड आवाज मागे घेतले. कारण लपवलं नाही, मोठ्या अक्षरात लिहिलं, औषधाचे कागद या आवाजांनी वाचू नका. प्रद्युम्ननं एरवी एक टाचणी टाकली नसती, त्यानं स्वतःच्या हातानं काढले. आणि मग नवी आवृत्ती निघाली. साठातल्या चार झाल्या होत्या, आता दोन. आवाज एक, डोळा एक. सपोर्टेड आवाज: नरसिंहमूर्ती. फक्त! बाकी सगळे? चालतील...

मग काय विचारता! लातूरहून, बेळगावहून, रत्नागिरीहून मेल, "आमच्या फोनमध्ये हा कोण ओरडतोय?" "आमच्या मुलीला पुस्तक वाचून दाखवायला लावलं, ती रडायला लागली!" जी मंडळी गेल्या वेळी लिहीत होती, आवाज का काढलेत, तीच आता लिहितात, हा आवाज का ठेवलात! आणि इकडे जयवंतीबाई मला रस्त्यात गाठून म्हणतात, "मी तुला देवमाणूस समजत होते." आता आमच्या अपूर्णांकांचं काम चालू आहे हो, मधुरा येईल परत, पण बाईंकडून दहापैकी नऊ मिळाल्याशिवाय नाही, आणि बाई नऊ देत नाहीत. "नऊ दिले की पोरं अभ्यास सोडतात."

या मेलना उत्तरं देऊन मी अर्धी झाले. तेव्हा बाईच म्हणाल्या, "माझा नंबर दे त्यांना. मी दिवसभर घरीच असते." दिला! घोषणेत घातला, अडचण असल्यास अंबुबाईंना फोन करा. तुम्हाला सांगते, चमत्कार! तक्रारी थांबल्याच! जो फोन करी, त्याला आधी नाव, मग गाव, मग "सूचना नीट वाचली होतीस का? पहिली ओळ काय आहे सांग बघू." तो चूल मांडणारा फोन करून बसला होता, हल्ली तो 'ज्ञ' दुरुस्त करून पाठवतो, शुद्धलेखनासकट. मी म्हटलं, देवश्री, जिंकलीस! आवृत्ती वेळेवर, जोड्या दोन, तक्रार शून्य!

आणि गेल्या आठवड्यात बाईंचा फोन. आवाज जरा चोरटा. बाईंचा आवाज चोरटा! मला तेव्हाच कळायला हवं होतं.

"देवश्री, एक फोन आला होता. बैलकुप्प्याहून, तिबेटी लोकांच्या वसाहतीतून. तिथल्या मठाच्या लायब्ररीतले भिक्षू. फार गोड बोलतात गं. त्यांच्या गुरुजींची नजर गेली. सगळा जन्म ग्रंथ वाचण्यात गेला त्यांचा, आणि आता नुसते पान हातात धरून बसून असतात म्हणे. तिबेटी वाचून दाखवेल का, असं विचारत होते."

मी सावध. म्हटलं, बाई, तिबेटीला डोळा नाही, आवाज नाही, काहीच नाही. तुम्ही सांगितलंत ना त्यांना?

पलीकडून नुसता खाकरल्याचा आवाज.

बाई?

"मी सांगणारच होते. अगदी तोंडावर आलं होतं तुझं ते वाक्य. पण तू मला ते म्हणाली होतीस ना, तेव्हा उप्पिट तुझ्या हातात होतं आणि घास माझ्या घशात अडकला होता. म्हणून मी म्हणाले, येईल की, पुढच्या आवृत्तीत."

पुढच्या आवृत्तीत!

"सपोर्टेड," बाई म्हणाल्या. "तसंच म्हणाले मी. मोठ्यानं."

प्रद्युम्नला सांगितलं, तो नाचतोय. "सूपर! बन्नी बन्नी!" नवा डोळा बनवायला घेतला पण त्यानं. आणि मी? मी काय करणार! आता रविवारी सकाळी कुशलनगरच्या बसनं बैलकुप्प्याला जाते, ते भिक्षू मला लायब्ररीत बसवून अक्षरं शिकवतात, शेजारी त्यांचे गुरुजी पान हातात धरून बसलेले असतात, मी एखादं अक्षर बरोबर वाचलं की हसतात. मग कसली तक्रार आणि कुणाकडे करायची? तरी पहिल्याच दिवशी मी त्या भिक्षूंना हळूच विचारून घेतलं, म्हटलं, स्वामी, बाकी सगळं सावकाश शिकवा, आधी मला तुमच्या भाषेत 'नाही' कसं म्हणायचं तेवढं सांगा. मराठीत म्हणून झालं, कन्नडमध्ये म्हणून झालं, इंग्रजीत तर घोषणाच काढून झाली. ते फार सौम्य हसून म्हणाले, "बाई, आमच्या भाषेत 'नाही' असा सुटा शब्दच नाही."